शहाण्याला शब्दाचा मार? : मानवी संवाद आणि माहिती सिद्धान्त यांचा एक परिचय

स्मरणिकेसाठी एखादा अभ्यासपर लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्ही लेण्यांवर किंवा एखाद्या सत्याग्रहावर लिहू, अशीच मंडळाची अपेक्षा असणार. ती आम्ही निम्मीच पूर्ण करणार आहोत. येथे ज्या शास्त्राचा परिचय करून द्यावयाचा आहे, त्याचा जन्म अमेरिकेतील एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत झाला. पुढे गणित, भाषाशास्त्र, मानसशास्त्र, मानववंशशास्त्र अशा अनेक विद्याशाखांनी ते आपलेसे केले. आम्ही मात्र त्याकडे वळलो ते वर्गात घडलेल्या एका प्रसंगामुळे, म्हणून प्रथम तो प्रसंग.

आमच्या नोकरीची ती आरंभीची वर्षे होती. इतिहासाची टिपणे उतरवून देण्याची आमची एक पद्धत होती आणि तिचा आम्हांला अभिमानही होता. शब्द मोजून द्यावयाचे, पाल्हाळ लावावयाचा नाही. नववीच्या वर्गात फळ्यावर आम्ही लिहिले : ‘२० मार्च १९२७. महाड. चवदार तळे. पाणी. समतेचा हक्क.’ वर्गातील बहुतेक मुले ज्या घरांतून आली होती, तेथे बाबासाहेबांच्या तसबिरीवाचून भिंत नव्हती. त्यांना एवढे पुरेसे होते. त्याच वर्षी जूनमध्ये दाखल झालेला एक मुलगा मागच्या बाकावर होता. आईवडील वीटभट्टीवर कामाला जाणारे, वस्ती दूरची, चळवळीचा वारा तेथवर पोहोचलेला नव्हता. तो उभा राहिला आणि त्याने विचारले, “सर, ते तळं कोणाचं होतं?”

वर्ग हसला. आम्हीही हसलो. ‘शहाण्याला शब्दाचा मार’ एवढे बोलून आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळलो. मुलगा खाली बसला. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेत परत आला नाही. वीटभट्ट्यांचा हंगाम दिवाळीनंतरच सुरू होतो, त्यामुळे आमच्या त्या हसण्यामुळेच तो गेला, असे आम्ही म्हणत नाही. पण त्याचा प्रश्न मात्र आमच्याजवळ राहिला. काही वर्षांनी जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात कॉलिन चेरी या इंग्रज प्राध्यापकाचे मानवी संज्ञापनावरील १९५७ चे पुस्तक हाती आले. ते वाचताना, त्या दिवशी वर्गात नेमके काय चुकले, हे आम्हांला प्रथम शास्त्राच्या भाषेत कळले.

क्लॉड शॅनन हा या शास्त्राचा जनक. १९१६ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात तो जन्मला आणि पुढे बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करू लागला. १९४८ च्या जुलै आणि ऑक्टोबर महिन्यांत त्या कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात त्याचा संज्ञापनाच्या गणिती सिद्धान्तावरील निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. कंपनीपुढचा प्रश्न व्यवहाराचा होता : एका तारेतून जास्तीत जास्त किती संदेश पाठविता येतील, आणि वाटेत खरखर, गोंधळ झाला तरी ते अचूक कसे पोहोचतील? शॅननने त्यासाठी एक साधे चित्र मांडले. एका टोकाला संदेशाचा उगम, मग तो संकेतात घालणारा प्रेषक, मध्ये वाहिनी, पलीकडे संकेत सोडविणारा ग्राहक आणि अखेरीस ज्याच्यासाठी संदेश आहे तो. वाहिनीच्या मध्यावर एक बाण बाहेरून येऊन घुसतो. तो गोंगाट. तारेतील खरखर, पत्रावर सांडलेले पाणी, लेखनिकाची डुलकी हे सारे त्या बाणात येते.

त्याचे खरे धाडस ‘माहिती’ या शब्दाला माप देण्यात होते. संदेशाचा अर्थ काय, याच्याशी अभियंत्याला कर्तव्य नाही, असे त्याने आरंभीच स्पष्ट केले. मोजावयाचे ते एवढेच, की जे संदेश येणे शक्य होते त्यांपैकी हाच येईल याची ऐकणाऱ्याला किती अटकळ होती. जे येणार हे आधीच ठाऊक आहे, त्यात माहिती शून्य. जे अनपेक्षित, त्यात माहिती अधिक. नाणे उडविले आणि छाप की काटा ते कळले, म्हणजे एक ‘बिट’ माहिती मिळाली. हा ‘बिट’ शब्द जॉन ट्युकी या त्याच्या सहकाऱ्याने सुचविलेला.

लग्नपत्रिकेचे उदाहरण घेतले म्हणजे हे लगेच उमगते. पत्रिका हाती आली की आपण नावे पाहतो, तारीख पाहतो, स्थळ आणि वेळ पाहतो. ‘मंगल परिणय’, ‘सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून’ वगैरे मजकूर कोणीही वाचत नाही, कारण तो तेथे असणार हे ठाऊकच असते. शॅननच्या मापाने त्या ओळींत माहिती जवळपास नाही. आणि तरीही ती पत्रिका अर्धी भिजली, फाटली, तर उरलेल्या तुकड्यावरून ती लग्नाची आहे हे त्याच ओळी सांगतात. ‘नसले तरी चालेल’ अशा या भागाला या शास्त्रात जे नाव आहे, त्याला मराठीत आम्ही पुनरुक्ती म्हणतो. आमच्या मते या सिद्धान्तातील शिक्षकाच्या सर्वांत उपयोगाची कल्पना हीच होय.

भाषेत ही पुनरुक्ती किती असते, ते शॅननने एका खेळातून शोधले आणि १९५१ साली प्रसिद्ध केले. एखाद्या माणसाला अपरिचित इंग्रजी मजकुरातील अक्षरे एकेक करून ओळखावयास सांगावयाची. चुकले तर बरोबर अक्षर सांगावयाचे आणि पुढे जावयाचे. एका नमुन्यात १२९ अक्षरांपैकी ८९ अक्षरे पहिल्याच प्रयत्नात बरोबर आली. यावरून त्याने अनुमान काढले, की लांबलचक इंग्रजी मजकुरात सुमारे तीन चतुर्थांश भाग आधीच ओळखता येण्याजोगा असतो. वाचकांनी हा खेळ मराठीत घरी खेळून पाहावा. त्याहून सोपी युक्ती म्हणजे एखाद्या ओळीतील काने, मात्रा, वेलांट्या, उकार काढून टाकावेत. ‘बबसहब’ असे लिहिले तरी आपल्यापैकी कोणाचे अडणार नाही. मात्र उत्तर भारतातील मात्राहीन महाजनी लिपीची एक गोष्ट सांगतात. काका अजमेरला गेले, असे पत्र आले आणि घरच्यांनी ‘काका आज मर गये’ असे वाचून रडारड केली. गोष्ट रचलेली असेल. पण काटकसरीची किंमत तीत नेमकी सांगितली आहे.

आमच्या पिढीने तार पाहिली आहे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून ‘आहे’, ‘आणि’, ‘कृपया’ असे सगळे शब्द आपण छाटून टाकीत असू. वस्तीत तार आली, की ती वाचणारा शोधून आणीपर्यंत बायका रडू लागत. तार येते ती मरणाचीच, ही अटकळ इतकी पक्की होती, की वाचण्याआधीच संदेश पोहोचलेला असे. मुलगा नोकरीला लागल्याची तार त्या घरी खऱ्या अर्थाने बातमी ठरे. छाटलेल्या मजकुराचा दोष असा, की एक शब्द चुकला तर तो सुधारून घेण्यासाठी शेजारी दुसरा शब्द उरत नाही. आमची फळ्यावरील टिपणे म्हणजे अशाच तारा होत्या, आणि त्या वाचून देणारे घरी कोणी नसलेल्या मुलांनाही आम्ही त्या पाठवीत होतो.

पुनरुक्ती म्हणजे वायफळपणा, हा समज दूर करणारे आम्हांला सर्वांत आवडलेले उदाहरण आफ्रिकेतील आहे. जॉन कॅरिंग्टन हा इंग्रज मिशनरी १९३८ साली बेल्जियन काँगोत गेला आणि याकुसू येथे शिकवू लागला. ढोल वाजवून एका गावाहून दुसऱ्या गावी निरोप धाडतात, हे युरोपीय लोकांना ठाऊक होते. कसे धाडतात, हे मात्र त्यांना उमगलेले नव्हते. मोर्ससारखी काही सांकेतिक बाराखडी असावी, असा त्यांचा तर्क. कॅरिंग्टन तेथील केले भाषा बोलावयास शिकला, तेव्हा त्याच्या लक्षात आले, की ही भाषा सुरांवर चालते. अक्षरे तीच असली तरी सूर उंच की खालचा, यावरून अर्थ बदलतो. ‘त्याने नदीकाठावर लक्ष ठेवले’ आणि ‘त्याने सासूला उकडले’ या दोन वाक्यांत तेथे फरक आहे तो केवळ सुरांचा! ढोलावर व्यंजने वाजत नाहीत, स्वर वाजत नाहीत. उंच आणि खालचा असे दोनच सूर वाजतात. म्हणजे बोलण्यातील बहुतेक सारे गळून पडते आणि सुरांचा सांगाडा तेवढा उरतो.

मग अर्थ कळावा कसा? ‘सोंगे’ म्हणजे चंद्र आणि ‘कोको’ म्हणजे कोंबडी. दोन्हींचे दोन्ही सूर उंच. ढोलावर दोन्ही शब्द अगदी सारखेच ऐकू येणार. त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून यावर उपाय काढला होता. ढोल नुसते ‘चंद्र’ म्हणत नाही; धरतीकडे खाली पाहणारा चंद्र, असे म्हणतो. कोंबडीला किओकिओ करणारी ती लहानगी, असे म्हणतो. प्रत्येक शब्दाला असे ठरलेले शेपूट जोडलेले असते आणि ते संपेपर्यंत सुरांची जी लांब नक्षी तयार होते, ती दुसऱ्या कशाचीच असू शकत नाही. साध्या बोलण्यातील एका शब्दासाठी ढोलाला सरासरी आठ शब्द लागतात, असा कॅरिंग्टनचा हिशेब होता. १९४९ साली त्याने हे सारे पुस्तकरूपाने मांडले, म्हणजे शॅननच्या निबंधानंतर अवघ्या एका वर्षाने. वाहिनी दुबळी असेल तर शब्द वाढवावे लागतात, हे शॅननने समीकरणांनी सिद्ध केले. काँगोच्या ढोलकऱ्यांनी ते कित्येक पिढ्या आधीपासून आचरणात आणले होते, आणि बाहेरचे लोक मात्र त्यांच्या ढोलाला पाल्हाळ म्हणत होते.

येथे आमच्यातील इतिहासाच्या शिक्षकास थोडे मोकळे सोडावे. सम्राट अशोकाचा चौदावा शिलालेख वर्गात फारसा वाचला जात नाही. त्यात ना युद्ध आहे ना पश्चात्ताप. आम्हांला मात्र तो आता सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात राजा आपल्या लेखांविषयीच बोलतो. काही लेख संक्षेपाने कोरले आहेत, काही मध्यम, काही विस्ताराने, कारण सर्व ठिकाणी सर्वच योग्य ठरत नाही. काही गोष्टी त्यांच्या माधुर्यामुळे पुन्हा पुन्हा सांगितल्या आहेत, हेतू हा की लोकांनी तसे वागावे. आणि कोठे काही अपुरे राहिले असेल तर ते स्थळामुळे वा लेखनिकाच्या चुकीमुळे, असेही तो नमूद करतो. हा आशय आम्ही आमच्या शब्दांत दिला आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एका राजाने पुनरुक्तीचे समर्थन आणि गोंगाटाची कबुली, दोन्ही एकाच शिळेवर कोरून ठेवली!

त्या पुनरुक्तीचा लाभ पुढे इतिहासाला झाला. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आपल्या सोपाऱ्यात आठव्या शिलालेखाचा एक भग्न तुकडा सापडला. १९५६ साली नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. तेवढ्यावरून मूळ लेख कोणालाही उभा करता आला नसता. परंतु हेच लेख गिरनारला आहेत, कालसीला आहेत, शाहबाजगढी आणि मानसेहरा येथे तर खरोष्ठी लिपीत आहेत. म्हणून फुटक्या दगडावरील अर्ध्या ओळी कशाच्या आहेत, ते ओळखता आले. ब्राह्मी लिपी वाचली गेली तीही पुनरुक्तीच्याच आधाराने. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपपुढे सांचीच्या स्तूपावरील लहान लहान लेखांचे ठसे होते. त्याच्या ध्यानात आले, की बहुतेक सगळे लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात. इतक्या जणांनी इतक्या दगडांवर शेवटी एकच शब्द का कोरला असेल? ही दात्यांची नावे आणि अखेरीस ‘दानं’, हे त्याने ओळखले आणि तेथून लिपीचे कुलूप उघडले. त्या दात्यांत भिक्खुणी होत्या, व्यापारी होते, साध्या गृहिणी होत्या. प्रत्येकाने तोच शब्द कोरून घेतला नसता, तर अशोकाचे बोलणे आणखी किती काळ मुके राहिले असते, कोण जाणे.

पाली सुत्तांचे वाचन करताना तरुण मंडळी कंटाळतात, कारण तीच वाक्ये एकेका सुत्तात अनेकदा येतात. पण ही सुत्ते शतकानुशतके लिहिलेली नव्हती. दीघनिकाय पाठ असणारे दीघभाणक, मज्झिमनिकायाचे मज्झिमभाणक, असे भिक्खूंचे गट ती मुखोद्गत ठेवीत आणि एकत्र म्हणत. स्मरण ही वाहिनी होती आणि विस्मरण हा तिचा गोंगाट. ठरावीक वाक्यांचे साचे असले म्हणजे चुकलेला शब्द लगेच खटकतो; दहाजण एका सुरात म्हणत असले म्हणजे एकाची चूक उरलेल्या नऊजणांत उघडी पडते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत वट्टगामणी अभय राजाच्या काळी हे वाङ्मय लिहिले गेले. पोथ्यांत मात्र पुन्हा आलेल्या मजकुराच्या जागी ‘पे’ एवढेच अक्षर घालून लेखनिक पुढे जाऊ लागले. वाहिनी बदलली, तशी पुनरुक्तीची गरजही कमी झाली.

आता पुन्हा अमेरिकेकडे. शॅननच्या सिद्धान्ताने अभियंत्यांखेरीज इतरांना का भुरळ घातली, हे कळण्यासाठी तो काळ पाहावा लागतो. १९४६ ते १९५३ या वर्षांत मेसी प्रतिष्ठानच्या वतीने दहा परिषदा झाल्या. त्यांत नॉर्बर्ट वीनर आणि जॉन फॉन नॉयमन यांच्यासारखे गणिती, वॉरन मॅकलॉकसारखे मेंदूचे अभ्यासक आणि मार्गारेट मीड, ग्रेगरी बेटसन यांच्यासारखे मानववंशशास्त्रज्ञ एकाच टेबलाभोवती बसले. यंत्र, मेंदू आणि समाज या तिन्हींत संदेशांची देवघेव चालते, तर त्यांचा अभ्यास एकत्र का करू नये, हा त्यांचा प्रश्न. त्यातून कॉलिन चेरीने मानवी कानाचे प्रयोग केले. १९५३ साली त्याने लोकांच्या दोन कानांत दोन वेगळे संदेश सोडले आणि एकाकडे लक्ष देऊन तो मोठ्याने म्हणावयास सांगितले. दुसऱ्या कानात पुरुषाचा आवाज जाऊन स्त्रीचा आला, हे त्यांना कळे. पण इंग्रजी जाऊन जर्मन भाषा सुरू झाली, हेसुद्धा कळत नसे. आमच्या जेवणघरात शंभर मुलांच्या गलक्यात आपल्या मित्राचे बोलणे तेवढे अचूक उचलणारा विद्यार्थी आणि शेजारच्या वर्गातील कवायतीकडे कान लागल्याने आमचा अख्खा तास न ऐकलेला विद्यार्थी एकच असतो, याचे आम्हांला तेव्हापासून आश्चर्य वाटेनासे झाले.

भाषाशास्त्रज्ञ रोमन याकोबसन यानेही शॅननच्या चित्राला भाषेच्या अंगाने पुढे नेले. नुसती वाहिनी उघडी आहे की नाही हे पाहण्यासाठी आपण पुष्कळ बोलतो, हे त्याच्या विवेचनात येते. फोनवरील ‘हॅलो, ऐकू येतंय ना?’ किंवा बांधावर भेटलेल्या शेजाऱ्याला ‘काय, बाजाराला का?’ असे पिशवी दिसत असतानाही विचारणे, ही त्याची उदाहरणे होत. ‘जयभीम’ या अभिवादनात मात्र वाहिनी उघडण्यापलीकडेही काही असते, हे वाचकांना सांगावयास नको.

शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा निबंध जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाचा, १९५६ सालचा. माणूस एका वेळी मनात सुमारे सात गोष्टी धरू शकतो, दोन कमी किंवा दोन अधिक, असे त्याने मांडले. पण ‘गोष्ट’ कशाला म्हणावयाचे? तारेचे संकेत नुकतेच शिकू लागलेल्या माणसाला प्रत्येक कट्ट आणि कडकट्ट वेगळा ऐकू येतो. सराव झाला की त्यांची अक्षरे होतात, मग शब्द आणि पुढे सबंध वाक्यांश. त्याच्या स्मरणातील घरे तेवढीच राहतात. एकेका घरात मावणारा ऐवज वाढतो. आता आमची फळ्यावरील पाच ओळींची यादी आठवावी. ज्या मुलाने आजोबांच्या मांडीवर बसून महाडची हकिगत ऐकली आहे, त्याच्यासाठी ‘चवदार तळे’ हे एकच घर. त्यात माणसे, मिरवणूक, ओंजळीतले पाणी, लाठ्या सारे भरलेले. वीटभट्टीवरून आलेल्या मुलासाठी ते दोन कोरे शब्द. दोघांना आम्ही तोच संदेश दिला, आणि परीक्षेनंतर एकाला हुशार आणि दुसऱ्याला मठ्ठ म्हणालो असतो.

‘शहाण्याला शब्दाचा मार’ ही म्हण शहाणपणाची परीक्षा घेते असे आपण समजतो. माहिती सिद्धान्ताच्या उजेडात पाहिले, तर बोलणारा आणि ऐकणारा यांच्याजवळ आधीपासून किती सामायिक आहे, तेवढेच ती मोजते. ज्या घरात तीन पिढ्या पुस्तके आहेत, तेथील मुलाला शिक्षकाचा अर्धा शब्द पुरतो. उरलेला घरूनच आलेला असतो. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला काँगोच्या ढोलासारखे आठ शब्द द्यावे लागतात. त्याची बुद्धी कमी म्हणून ते लागत नाहीत; वाहिनी अरुंद आहे आणि दोघांचा संकेत अजून एक झालेला नाही, एवढेच त्याचे कारण. घोकंपट्टीचे समर्थन म्हणून मात्र हे कोणी घेऊ नये. चंद्र, चंद्र, चंद्र असे आठ वेळा वाजवून ढोलाचा निरोप कळत नाही. प्रत्येक शब्द दुसऱ्या बाजूने उजेड टाकतो, म्हणून तो कळतो.

या सिद्धान्ताच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. १९५६ साली खुद्द शॅननने एक छोटे टिपण लिहून बजावले, की माहिती सिद्धान्ताची लाट आली आहे म्हणून प्रत्येकाने तीवर स्वार होऊ नये. त्याचे मूळ काम गणिताचे आहे. आम्हीही या लेखात थोडे स्वार झालो आहोत, हे मान्य करावे लागेल. दुसरी मर्यादा आम्हांला अधिक जाणवते. शॅननच्या चित्रात प्रेषक आहे, ग्राहक आहे. पण प्रेषकाच्या जागी उभे राहण्याचीच ज्याला मनाई आहे, त्याच्यासाठी त्या चित्रात चौकोन नाही. ज्याचे बोलणे गोंगाट म्हणूनच ऐकले जाते, त्याचे काय? ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी जे पाक्षिक सुरू केले, त्याचे नाव ‘मूकनायक’ ठेवले, ते उगीच नव्हे. १९३६ साली, न झालेल्या लाहोरच्या भाषणात, म्हणजे ‘जातिभेद निर्मूलन’ या ग्रंथात, आदर्श समाजाचे वर्णन करताना त्यांनी वाहिन्यांचीच कल्पना वापरली आहे. समाजाच्या एका भागात घडलेला बदल इतर भागांपर्यंत पोहोचविणाऱ्या वाटा त्यात भरपूर असाव्यात, असा त्यांचा आशय. कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू जॉन ड्युई यांनीही १९१६ च्या आपल्या लोकशाही आणि शिक्षण यांवरील ग्रंथात समाज आणि संवाद यांचे नाते असेच जोडले होते. शॅननच्या निबंधाला तेव्हा अजून बारा वर्षे अवकाश होता, आणि त्याची वाहिनी तांब्याच्या तारेची होती. शब्द एक असला तरी बाबासाहेबांची वाहिनी माणसांतून जाणारी आहे.

राहिला त्या मुलाचा प्रश्न. महाडच्या खटल्याचा इतिहास आम्ही पुढे सावकाश वाचला. मार्च १९२७ मध्ये सत्याग्रहींनी पाणी घेतले. डिसेंबरमध्ये दुसरा सत्याग्रह व्हावयाचा होता. त्याआधी काही सवर्ण रहिवाशांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. दाव्यातील वाद काय होता? तळे खाजगी की सार्वजनिक, आणि अस्पृश्यांना तेथून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे काय. वकील उभे राहिले, साक्षी झाल्या, कागद निघाले, अपिले झाली. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे न्यायालयांपुढे जो प्रश्न होता, तोच त्या मुलाने आमच्या वर्गात एका वाक्यात विचारला होता. बाकीच्या मुलांना तो सुचला नाही, कारण त्यांना उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखे वाटत होते. शॅननच्या मापाने त्या तासात उच्चारलेले सर्वाधिक माहितीचे वाक्य तेच, आणि आम्ही ते गोंगाट समजून बाजूला केले.

आता महाडचा पाठ आम्ही दोन तासिका घेतो आणि सुरुवात त्याच प्रश्नाने करतो. मुले निरनिराळी उत्तरे देतात : नगरपालिकेचे, सावकाराचे, सरकारचे, देवाचे. एका मुलीने विचारले, की पाणी तर पावसाचे होते ना, मग तळे कोणाचे आणि पाणी कोणाचे हे वेगळे का नाही? त्या दिवशी दुसरी तासिका त्यातच संपली.

तो मुलगा आता चाळिशी ओलांडून गेला असेल. या स्मरणिकेच्या अखेरीस माजी विद्यार्थ्यांची यादी आहे. शालान्त परीक्षेपर्यंत येथे राहिलेल्यांची ती असल्यामुळे त्याचे नाव तीत नाही. ही स्मरणिका पुष्कळ घरांत जाणार आहे, आणि एकच निरोप अनेक प्रतींत गेला तर त्यांतील एखादी पोहोचते, हे आम्ही वर लिहिलेच आहे. त्याच्या बरोबरीच्या कोणास तो एखाद्या भट्टीवर, बाजारात वा गाडीत भेटला, तर त्यास सांगावे : तळे सर्वांचे होते, न्यायालयाला ते ठरवावयास दहा वर्षे लागली, आणि सरांनी प्रश्नाचे उत्तर पाठविले आहे.